पॅकरला तेल लावू नये

मिरजेच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट करून विचारलं, "हे काय आहे?"

"पॅकर."

"म्हणजे?"

"तेलाच्या विहिरीचं बूच."

त्याने एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मशीनमधून मिरज ते पनवेल असं एक तिकीट काढून दिलं. बुचाचं भाडं त्याच्या यादीत नसावं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली आहेत, तेव्हा त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

गाठोड्यात हातभर लांबीची पोलादी नळी होती आणि तिच्यावर काळ्या रबराची जाड बाही. वजन अकरा किलो. ही वस्तू माझ्या भाचीची, वृषालीची. ती समुद्रातल्या तेलविहिरींवर नोकरीला होती. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून पनवेलजवळ एक शेड घेतली आणि हे बूच बनवण्याच्या मागे लागली. जमिनीत मैल-मैल खोल भोक पाडतात, त्यात पोलादी पाइप सोडतात. पाइप आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून गॅस आणि पाणी नको तिथे चढतं. ती फट बुजवायची. एवढ्यासाठी माणसं चांगली नोकरी सोडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

रबराचं काम मिरजेच्या इक्बालभाईने साच्यात दाबून, भाजून दिलं होतं. तो माझा चाळीस वर्षांचा दोस्त. आधीचा पॅकर कुरिअरमध्ये आपटून फुटला, म्हणून या वेळी वृषालीचा फोन आला. "मामा, तुम्हीच घेऊन या. एवढा एकच आहे. बुधवारी तेल कंपनीचे इंजिनिअर बघायला येणार आहेत. हे फसलं तर ते पुन्हा यायचे नाहीत, आणि मला शेड बंद करावी लागेल."

रबर कसलं आहे हे तिने ना मला सांगितलं होतं, ना इक्बालभाईला. पेटंटचा अर्ज व्हायचा होता. रबराचा मालमसाला ती स्वतः पिशव्या बांधून पाठवायची. आम्ही दोघं फक्त हमाल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पॅकरला इंजिन ऑइल लावलं. वाचकांना हे आत्ताच सांगून टाकतो, कारण त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्यापासून मी व्यवस्थित लपवलं. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात की सील कोरडं बसवायचं नाही. दुसऱ्याच्या हाती कोरडं रबर देणं म्हणजे पाहुण्याला पाणीही न विचारण्यासारखं आहे. चांगलं चोपडलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं.

कराडच्या पुढे धाब्यावर गाडी थांबली तेव्हा गाठोडं उघडलं, तर रबर कोरडं ठणठणीत. इक्बालभाईने किती तहानलेलं रबर दिलंय, असं म्हणून पिशवीतली बाटली काढली आणि पुन्हा लावलं. पुण्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा लावलं. शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. "काका, रोज मालिश करावं लागतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजच करतोय." मग ते खिडकीबाहेर बघू लागले.

खंडाळ्याचा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. पनवेल हे माझ्या लेखी कोकणात जाताना चहा प्यायचं गाव. आता तिथे चहापेक्षा क्रेन जास्त दिसतात. वृषाली न्यायला आली होती. नवव्या मजल्यावरच्या तिच्या घरातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तिने तो दाखवला, मी "वा" म्हटलं, आणि आम्ही जेवलो. पोरगी वाळली होती. जेवताना तिचं लक्ष सारखं कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे जात होतं.

सोमवारी सकाळी आम्ही शेडवर गेलो. शेड म्हणजे एक लेथ, एक पंप, दोन टेबलं आणि दामोदर. दामोदर हा तिचा लेथवाला, मोरा बंदरावरचा कोळी. कमी बोलतो आणि जास्त बघतो. वृषालीने गाठोडं सोडलं आणि पहिल्यांदाच मला सगळं समजावून सांगितलं.

"हे रबर तेल पिऊन फुगतं, मामा. बारीक असतानाच ते खाली सोडायचं. तिथे तेल लागलं की हरभऱ्यासारखं फुगतं आणि फट बुजते. इतरांचं रबर दाब आला की कडेने निसटतं. म्हणून मी टोकांना या पोलादी पाकळ्या बसवल्या. रबर फुगलं की त्याच पाकळ्या उघडतात आणि त्याला धरून ठेवतात."

मी पाकळ्यांकडे बघत राहिलो.

तिने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग दामोदरला घ्यायला लावलं. रबर सगळीकडून तीन मिलिमीटर जाड भरलं. ते चाचणीच्या पाइपात जाणारच नव्हतं.

"तेल तर कुठे लागायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "साचाच चुकला." तिने इक्बालभाईला फोन लावला, स्पीकरवर. "इक्बालभाई, माझ्या तीन वर्षांचं वाटोळं केलंत तुम्ही. एवढंसं माप पाळता येत नाही?"

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. मग इक्बालभाई म्हणाला, "चुकलं असेल, ताई. माफ करा."

इक्बालभाईचा साचा कधी चुकत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. भिंतीवर एका लोखंड-दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावरची संकष्टी कधी आहे ते मी वाचत होतो. माझी मलाच लाज वाटली, पण लाज वाटून जीभ हलत नाही हेही त्या दिवशी कळलं.

उपाय दामोदरने काढला. "लेथवर छिलू. पन असं नाय छिलता येनार, रबर दबतं. बर्फात गाडून दगड केलं तर जमंल. माज्या बहिनीकडं मावऱ्याच्या (मासळीच्या) पेट्या हायत, बर्फ हाय, खडेमीठ हाय."

बर्फात मीठ घातलं की तो साध्या बर्फापेक्षा कितीतरी गार होतो, हे मासळीवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. वृषालीला एकच धास्ती होती. छिलल्यावर रबर कमी होणार. मग उरलेलं खाली जाऊन पुरेसं फुगेल का?

मंगळवारी सकाळी आम्ही टेम्पोने मोऱ्याला निघालो. जासईच्या आसपास रस्ता माणसांचा उरत नाही, कंटेनरचा होतो. एकावर एक पाच-पाच रचलेले, आणि त्यांच्या मधल्या फटीतून कुठेतरी गावाचं देऊळ. एका ट्रेलरमागे आम्ही पाऊण तास उभे होतो. ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होता. मग मिठागरं लागली, खाडीचा वास आला आणि मोऱ्याचा धक्का दिसला. मुंबईची लाँच सुटत होती. ओहोटी होती, त्यामुळे बऱ्याच होड्या चिखलात कलंडून बसल्या होत्या.

दामोदरची बहीण हिराबाई धक्क्यावरच भेटली. साठीची, खणखणीत आवाजाची बाई. घरची होडी आहे आणि मासळीचा व्यापार तीच बघते. जाड भिंतीची पेटी तिने धुऊन तयार ठेवली होती. मी पॅकर पेटीत ठेवणार, तेवढ्यात ती वाकली आणि तिने वास घेतला.

"याला इंजिनचं तेल कोनी लावलं?"

"तेल नाही लावलेलं, मावशी," वृषाली म्हणाली.

"मंग माजं नाक खोटं हाय का? आमच्या होडीला रोज ह्योच वास येतो."

दामोदर माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, तो सोमवारपासूनच बघत होता.

"मी लावलं," मी म्हटलं. "तीनदा."

लाँच निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"का लावलंत, मामा?" वृषालीने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सील कोरडं बसवत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. कुठल्याही फिटरला विचार."

तिने दामोदरकडे पाहिलं. "तुम्ही लावलं असतं, दामोदरदादा?"

"मी ग्रीस लावलं असतं," दामोदर म्हणाला. "तेल गलून जातं."

वृषाली एका पालथ्या क्रेटवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे विहिरीवरची माणसंही लावणार."

"लावणारच."

"तीन वर्षं मी खाली काय होतं त्याचाच विचार केला. वर कुणाच्या हातात जातं, ते बघितलंच नाही. तुम्हालाही सांगितलं नाही, इक्बालभाईंनाही नाही." मग एकदम तिला आठवलं. "अरे देवा. त्यांना मी काय काय बोलले!"

"तू फोन करू नको," मी म्हटलं. "मी सांगतो. समोरासमोर." हे धाडस नव्हतं. समोर जायला अजून बरेच दिवस होते.

पॅकर बर्फात मुरेपर्यंत हिराबाईने आम्हाला घरी जेवायला नेलं. तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोळंबी). माझी जात ज्वारीच्या भाकरीची, तरी तीन भाकऱ्या खाल्ल्या. "बापय (पुरुष) मानूस हाय, चुकतंच," ती मला वाढताना वृषालीला म्हणाली. त्यावर कुणी वाद घातला नाही. मग पेटी तशीच टेम्पोत घालून आम्ही शेडवर आणली. दामोदरने दगड झालेलं रबर लेथवर धरलं आणि घाई न करता तीन मिलिमीटर उतरवलं. काळा भुगा माझ्या चपलांवर पडत होता. मी पाय मागे घेतले नाहीत.

चाचणी बुधवारी नेरे गावात होती. डोंगराच्या पायथ्याला एका शेतकऱ्याची पाणी न लागलेली बोअर होती, तिच्यात वृषालीने जाड पोलादी पाइप बसवून घेतला होता. समोर प्रबळगड, शेजारी वांग्याचं वावर. कंपनीचे दोन इंजिनिअर आले, सोबत त्यांचा एक फिटर. पॅकर साखळीला टांगला, आणि तेवढ्यात तो फिटर खिशातून ग्रीसची डबी काढून सवयीने पुढे झाला.

मी त्याचं मनगट धरलं. "तेल नको, ग्रीस नको."

"कोरडं उतरवायचं?" त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मला आतून कळलं.

इंजिनिअर बघत होते. वृषालीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. तेल, तीन मिलिमीटर, बर्फ, लेथ, सगळं. "हा माझ्या पॅकरचा दोष आहे," ती म्हणाली. "माणसाचा हात लागला की तो वरच फुगायला लागतो. पुढचा आवरणात घालून देईन." मला वाटलं, हे दोघं आता गाडीत बसून निघून जाणार. एकाने वहीत काहीतरी लिहिलं. दुसरा म्हणाला, "सोडा खाली." पॅकर खाली गेला, वरून डिझेल ओतलं, आणि झाकणाला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं.

आठ दिवस फुगायला दिले होते. त्या आठ दिवसांत मी पनवेलची भाजी मंडई पाठ केली, वृषालीने नखं खाल्ली, आणि दोघांनीही त्या विषयावर बोलायचं टाळलं.

आठव्या दिवशी कुलूप काढून पंप जोडला. दाबाचा काटा चढत गेला आणि ठरलेल्या खुणेवर थांबला. आता अर्धा तास तो तिथेच राहायला हवा होता. रबर अपुरं फुगलं असेल तर तो खाली येणार होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वृषालीने डोळे मिटले होते. फिटर पुढे गेला आणि त्याने काचेवर टिचकी मारली. "काटा अडकलाय," तो म्हणाला. अर्ध्या तासात त्याने अशा तीन टिचक्या मारल्या. काटा अडकला नव्हता.

"पुढच्या महिन्यात खऱ्या विहिरीत बघू," वयस्कर इंजिनिअर म्हणाला. "आणि त्याला झबलं शिवा." वृषाली वांग्यांच्या कडेला जाऊन रडली. मीही रडलो, पण मला घाम येत होता असं मी सांगितलं.

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर पुन्हा गाठोडं होतं. या वेळी त्यात एक पत्र्याची पाटी होती, वृषालीने रंगवून घेतलेली. पुढच्या पॅकरच्या पेटीवर ठोकायची. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकच मजकूर: तेल लावू नये. घाट चढताना हवा कोरडी झाली आणि मी अकरा दिवस लांबवलेलं वाक्य मनात जुळवत बसलो. इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी गळती झाली नाही याचा मला फार अभिमान होता. मित्राला ऐकून घ्यावं लागलं तेव्हा मात्र माझं तोंड घट्ट बंद राहिलं होतं. या प्रवासात जर काही पाहिलं असेल तर ते हेच.

स्टँडवरून थेट इक्बालभाईच्या कारखान्यात गेलो. त्याने मशीन बंद केलं. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, "त्या पॅकरला तेल मी लावलं होतं. तुझा साचा बरोबर होता."

त्याने हात पुसले. "किती लावलंस?"

"तीनदा."

"मी एकदा," इक्बालभाई म्हणाला. "तुझ्या हातात देताना जरा चमकावं म्हणून. ताई बोलल्या तेव्हा वाटलं, माझ्याच तेलाने फुगलं."

आम्ही दोघं बाकावर बसलो. त्याने पाटी हातात घेऊन तिन्ही भाषांत वाचली.

"पेटीवर ठोकायची आहे," मी म्हटलं.

"पेटीला दुसरी करू," तो म्हणाला. मग उठून त्याने मशीनसमोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पाटीसाठी खिळा मोकळा केला.