नंतरचा आवाज, आधीच्या फाइलमध्ये

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून गालातल्या गालात हसणाऱ्यांपैकी मी एक. आमचं मूळ मालवणकडचं. देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताच्या, गोष्टी ऐकतच वाढलो आणि सांगणाऱ्याची चेष्टा करून काकांचे धपाटेही खाल्ले. माझा विश्वास फक्त कानांवर. वीस-बावीस वर्षं सायलेन्सरचं काम करतोय. चेंबूरहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा गाळा आहे, मागच्या बाजूला रिफायनरीची धुराडी. रस्त्यावरून गाडी गेली की मान वर न करता सांगतो, कुठला पाइप फुटलाय. (मॉडिफिकेशन, आरटीओ, दंड… कॉमेंटमध्ये शिकवू नका, मला पाठ आहे सगळं.)

माझी धाकटी बहीण शुभा बोरीवलीला असते. नवरा गेल्यावर नोकरी करून तिने ओंकारला एकटीने वाढवला. आता तो सव्वीसचा आहे, कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने एक जुनी जपानी दोन-दारी स्पोर्ट्स कार घेतली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

"मामा, टर्बो बसवायचा. आवाज कसा घुमला पाहिजे, अख्ख्या लिंक रोडला कळलं पाहिजे!"

"अरे शहाण्या, टर्बो आवाज वाढवत नाही, गिळतो," मी म्हटलं. "इंजिनाचा धूर आधी टर्बोचा पंखा फिरवतो, मग बाहेर पडतो. त्यात त्याचा अर्धा जोर जातो. धडधड जाऊन घूं होतं."

"मग आवाज दाबणारा मधला डबा काढ. पाइप मोठा टाक. तू मामा आहेस की शत्रू रे?"

शुभाचा फोन आला तो वेगळाच. "दादा, ह्या गाडयेतला माका काय कळत नाय. पण झील माझो एकुलतो एक आसा, इतक्याच लक्षात ठेव."

माझी एक जुनी सवय आहे. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करतो आणि काम झाल्यावर परत एकदा. मी टेलपाइपच्या मागे तीन हातांवर उकिडवा बसतो, आमचा फिटर मंगेश आत बसून रेस देतो. फाइलला नंबर प्लेटचे आकडे आणि पुढे 'आधी' किंवा 'नंतर'. गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून ही पद्धत. ओंकारच्या गाडीचंही त्या रविवारी सकाळी तसंच केलं. गाडी कंपनीतून आली तशी होती, टर्बो तेव्हा गाळ्यात आलाही नव्हता.

दुपारी डबा खाऊन पाइपचं माप ठरवायला म्हणून इअरफोन लावले… आणि हातातली सुपारी हातातच राहिली.

त्यात टर्बो होता. साफ ऐकू येत होता. खाली घुमणारा आवाज, त्यावर चढत जाणारी बारीक शिट्टी, रेस सोडल्यावर 'पश्श'. पुन्हा शिट्टी, पुन्हा 'पश्श'. मग लादीवर पाना पडल्याचा आवाज. आणि लगेच एक धमाका, पत्रा फाटल्यासारखा. त्यामागून माझाच आवाज, ओंकारला हाक मारणारा, "ओम्या! ए ओम्या!"

पुढे काही नाही. फाइल अजून अकरा सेकंद चालते. नुसता गाळ्यातल्या एक्झॉस्ट फॅनचा आवाज. हाकेला ओ नाही.

मंगेशला ऐकवलं. त्याने इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, दुसऱ्या कुठल्या गाडीचं असेल. मिक्स झालं असेल." मी पण तेच म्हटलं. फक्त, आमच्या गाळ्यात त्याआधी कधी धमाका झाला नव्हता आणि मी कधी कुणाला तसा ओरडलो नव्हतो.

मी ओंकारला म्हटलं, टर्बोचा नाद सोड. तो हसला. "तुला जमत नसेल तर सांग मामा, मुलुंडला माझा एक मित्र करून देतो." आता त्याला काय सांगणार? देवचाराला हसणारा मी, भाच्याला म्हणू की फोनमध्ये तुझं काहीतरी ऐकलं? लाज वाटली. खरंच, निव्वळ लाज. दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा आपल्या हाताखाली झालेलं बरं, अशी मनाची समजूत घातली आणि काम घेतलं.

टर्बो ओंकारनेच कुठून तरी सेकंडहँड आणला. मी पंखा बोटाने हलवून पाहिला. दांडीला किंचित खेळ होता, म्हणजे ती जागच्या जागी हलत होती. अगदी किंचित. एरवी दुसऱ्या कुणाचा असता तर परत पाठवला असता. पण घरचं काम, पोरगा डोक्यावर बसलेला, तीन रविवार गेलेले… "चालून जाईल," म्हणालो. हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

काम संपलं तोही रविवारच, सकाळचे अकरा. ओंकारला मी बजावलं होतं, "तू बाहेर रस्त्यावर उभं राहायचं." तो "हो" म्हणाला. मी मागे बसलो, फोन धरला. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. मंगेशने रेस दिली.

शिट्टी चढली. 'पश्श'. छान गोल आवाज होता, मला स्वतःवर खूशही व्हायला झालं. पुन्हा शिट्टी. 'पश्श'.

मग लादीवर पाना पडला.

मी वाकून गाडीखालून पाहिलं. पुढच्या बाजूला पाना पडलेला, आणि त्याच्या शेजारी ओंकारचे पांढरे बूट. मीच शिकवलेली गोष्ट तो करत होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टर्बोला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं ऐकायचं. सगळे मेकॅनिक करतात. डोकं सरळ बॉनेटखाली जातं.

"ओम्या! ए ओम्या!"

"काय मामा?" म्हणत तो बाजूला येऊन मागे डोकावला. वैतागला होता, स्क्रू ड्रायव्हर हातातच.

आणि धमाका झाला.

टर्बोचा पंखा आतल्या आत फुटला होता. त्याचा एक तुकडा कवच फोडून बॉनेटमधून आरपार गेला. भोक अंगठा जाईल एवढं. ओंकारचं डोकं दोन क्षणांपूर्वी जिथे होतं, बरोबर त्याच्या वर. मंगेश इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी ओंकारला जवळ ओढला आणि वेड्यासारखा त्याचं कपाळ, कान, मान चाचपत राहिलो. मी रडत होतो, तेही मला त्यानेच सांगितलं.

नंतर दोन्ही फाइली लावून ऐकल्या. शिट्ट्या सारख्या, 'पश्श' सारखे, पान्याचा आवाजही तोच. फरक फक्त पुढे. 'नंतर'मध्ये आधी माझी हाक आहे, मग "काय मामा?", मग धमाका. 'आधी'मध्ये धमाका पहिला आहे.

ओळखीच्या एका इंजिनिअरने ॲपचा घोळ, मेमरीचा घोळ असं बरंच समजावलं. पण फाइलवर तारीख तीन आठवडे आधीची आहे, आणि मंगेशने ती माझ्याबरोबर ऐकली होती. ओंकारने गाडी होती तशी करून घेतली. त्याला ती फाइल ऐकायची आहे, मी देत नाही. शुभाला यातलं एक अक्षर माहीत नाही.

मला उत्तर मिळालेलं नाही, आणि इथे कुणाकडे असेल असंही वाटत नाही. फाइल मात्र पुसवत नाही. तो आवाज माझा आहे, मी तो ओळखतो. फाइलमधल्या त्या माणसाने धमाक्यानंतर हाक मारली आणि त्याला ओ मिळाली नाही. अकरा सेकंदांनी त्याने रेकॉर्डिंग बंद केलं… आणि मग त्याच फोनवरून त्याला बोरीवलीला शुभाला फोन करावा लागला असेल. माझ्यावर ती वेळ आली नाही. त्याच्यावर आली.