अडीच वाव

पाण्याशी काडीचा संबंध नसताना पाण्यापायी स्वतःची, घरच्यांची आणि विशेषतः जावयाची एवढी फरफट करणारा माणूस माझ्या सासऱ्यांशिवाय अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. त्यांना पोहता येत नाही. होडीत बसलं की पाचव्या मिनिटाला मळमळायला लागतं, मग ते डोळे मिटून आवळासुपारी चघळत राहतात. समुद्राचा त्यांचा एकूण अनुभव म्हणजे लग्नानंतर एकदा अलिबागला जाऊन आले तेवढाच, आणि तेही सासूबाईंच्या सांगण्यानुसार जाताना लाँचने आणि येताना एस.टी.ने. त्यांची उभी हयात डोंबिवलीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, टाक्यांची पातळी दाखवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, बागेत जमून मोठमोठ्याने हसतात, निदान सोसायटीच्या निवडणुकीला तरी उभी राहतात. आमच्या सासऱ्यांनी होडीतली यंत्रं मोबाइलला जोडायला घेतली. तेव्हापासून माझा रविवार त्यांचा झाला. मी ठाण्यात कोपरीला राहतो, ते डोंबिवली पश्चिमेला. सकाळी साडेसातला फोन येतो, "जावईबापू, जरा येऊन जाता का, पाच मिनिटांचं काम आहे," आणि मी संध्याकाळी घरी परततो.

या सगळ्याचं मूळ डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, आणि तिथे त्यांना मीच घेऊन गेलो होतो, त्यामुळे मला कुणाला बोल लावायचीही सोय नाही. डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं होतं. शेजारी तसेच थेंब घातलेले, डोंबिवलीजवळच्या कोपर गावचे, खाडीकाठचे बाळाराम बसले होते. खाडीतून पलीकडच्या गावांना माणसं नेणारी होडी चालवणारे. दोघे डोळे मिटून तासभर बोलले. मी कागदपत्रं घेऊन आलो तेव्हा एकमेकांचं तोंडही न पाहता त्यांची गाढ मैत्री झालेली होती. सासऱ्यांचा साधा मोतीबिंदू निघाला. बाळारामांचा काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली हळूहळू जाणार होती. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टरने थेंब दिलेत. त्यांच्या मुलाने जमीन विकून बंगला बांधला होता, आणि बापाने या वयात लोकांना पलीकडे पोचवत बसावं हे त्याला आधीच पटत नव्हतं. डोळ्यांचं कळलं असतं तर त्याने होडी त्याच आठवड्यात विकली असती.

खाडीत पाणी कुठे आहे आणि चिखल कुठे, हे बाळाराम पाण्याच्या रंगावरून ओळखत. तो रंगच आता दिसेनासा झाला होता. हातात राहिला खोली चाचपायचा बांबू, पण इंजिन चालू असताना बांबू किती वेळा टाकणार? सासऱ्यांनी मला समजावून सांगितलं की होडीच्या तळाला एक यंत्र लावायचं, ते खाली आवाज सोडतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजतं. दुसरं यंत्र होडी कुठे आहे ते सांगतं, तिसरं दिशा. तिघांच्या वायरी एका डब्यात आणायच्या. तो डबा स्वतःचं वाय-फाय तयार करतो आणि होडीतल्या कुठल्याही फोनला, टॅबला सगळे आकडे पाठवतो. परदेशातल्या श्रीमंतांच्या होड्यांवर हे असतंच म्हणे. मी स्पष्ट म्हणालो की बाबा, ज्याचे डोळे चालले आहेत त्याने होडीत माणसं बसवू नयेत, आणि आपण त्याला मदत तर मुळीच करू नये.

"होडी गेली की तो माणूस ओट्यावर बसून राहील," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर मी चार महिने बसलो होतो. मला माहीत आहे ते काय असतं."

यावर मी गप्प बसलो. मी तेव्हा गप्प बसायला नको होतं.

पहिला डबा त्यांनी सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यात बनवला, कारण कारखान्यातल्या चाळीस वर्षांत त्यांचा स्टीलवर विश्वास बसलेला. झाकण लावलं की वाय-फाय गायब, उघडलं की हजर. दोन आठवडे त्यांनी आतली एकूण एक जोडणी सोडवून पुन्हा केली. तिसऱ्या रविवारी मी भीतभीत विचारलं की बाबा, स्टीलमधून ते बाहेर येईल का? ते माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाहीत, आणि जेवण झाल्यावर फ्रिजमधला मेतकुटाचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून घेऊन गेले. त्यांच्या सगळ्या यंत्रणेला आजतागायत मेतकुटाचा वास येतो.

मग चाचणी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत झाली. वाय-फायचं नाव ठेवलं 'खाडी'. पासवर्ड ठेवा म्हटलं तर म्हणाले, पाण्याची खोली ही काय लपवायची गोष्ट आहे? परिणामी वरच्या दोन मजल्यांवरच्या लोकांनी फुकटचं वाय-फाय समजून आपले फोन 'खाडी'ला जोडले आणि त्यांचं इंटरनेट बंद पडलं. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या फोनवर टाकीत पाणी किती आहे ते दाखवलं. ते खूश होऊन गेले. पण मग सगळ्यांनाच टाकी दिसायला लागली, आणि सकाळी सहा ते सात या वेळात पाणी कुणी संपवलं यावरून जी भांडणं सुरू झाली ती यंत्र काढून नेल्यावरही मिटली नाहीत. आमच्या सासूबाई अजून जिन्यात खाली मान घालून चालतात.

खाडीवर वेगळीच अडचण निघाली. बाळाराम म्हणाले, "मीटर मना कलत नाय, साहेब. वाव कलते." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते ती लांबी, पुस्तकाप्रमाणे सहा फूट. सासऱ्यांनी पुस्तकावर भरवसा ठेवला नाही. त्यांनी बाळारामांना धक्क्यावर हात पसरून उभं केलं, टेप लावली, ती पाच फूट सात इंच भरली, आणि डब्याला तीच वाव शिकवली. आता फोनने ती मोठ्याने सांगायला हवी, म्हणून त्यांनी एक ॲप तयार केलं. सासूबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अपूर्णांकांची पावकी-निमकी त्यांनी तीस वर्षं वर्गाकडून घोकून घेतलेली. जेवणाच्या टेबलावर बसवून सासऱ्यांनी त्यांच्याकडून पाऊण वाव, सव्वा वाव, दीड वाव, पावणेदोन वाव असं सगळं म्हणवून घेऊन रेकॉर्ड केलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन बाळाराम गळ्यात अडकवत आणि प्रत्येक आकड्याला "हो बाय" म्हणून उत्तर देत. सात-आठ रविवार हे इतकं उत्तम चाललं की माझा विरोधही मावळला.

नंतरच्या एका रविवारी हळदीला निघालेली नऊ माणसं होडीत होती. ओहोटी लागलेली होती. सासरे नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसले होते, आणि मी बायकोला मेसेज करत होतो. खाडीच्या मध्यावर बाळारामांच्या फोनच्या लक्षात आलं असावं की या वाय-फायवर इंटरनेट नाही. हल्लीचे फोन असलं वाय-फाय फार वेळ सहन करत नाहीत. त्याने ते गुपचूप सोडलं आणि मोबाइलचं नेटवर्क धरलं. डब्याकडून आकडे येणं बंद झालं. आकडे आलेच नाहीत तर काय करायचं हे सासऱ्यांनी ॲपला शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे ते शेवटचाच आकडा म्हणत राहिलं. सासूबाईंचा शांत, खणखणीत आवाज सांगत होता, अडीच वाव, अडीच वाव, आणि बाळाराम "हो बाय, हो बाय" करत होडी सरळ चिखलात घेऊन गेले. होडी रुतली, इंजिन बंद पडलं, सगळे एकमेकांवर आदळले. त्यानंतर पूर्ण शांततेत पुन्हा एकदा ऐकू आलं, अडीच वाव.

कुणाला लागलं नाही हे आमचं नशीब. पण चिखल कमरेइतका, उतरायची सोय नाही. अकरा वाजल्यापासून भरती येईपर्यंत, म्हणजे साडेचारपर्यंत, आम्ही उन्हात तसेच बसलो. नवरदेवाघरी न्यायची मिठाई दोन वाजता फोडली. एका म्हाताऱ्या बाईंनी सासऱ्यांना आपला पदर डोक्यावर घ्यायला दिला आणि त्यांनी तो घेतला. मला त्या दिवशी कुणाकडे बघवत नव्हतं.

धक्क्यावर बाळारामांचा मुलगा उभा होता. सगळे उतरल्यावर त्याने आवाज न चढवता विचारलं, "बाबा, चिखल दिसला नाय तुला?"

"चूक माझी आहे. डबा माझा आहे," सासरे म्हणाले.

"काका, तुम्ही थांबा. मी बाबांना विचारतोय."

मुलगा बाळारामांच्या डोळ्यांकडे बघत राहिला, मग त्याने त्यांच्या दंडाला धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. पंधरा दिवसांत होडी विकली गेली. खरं सांगायचं तर मुलाने योग्य तेच केलं, आणि हे मला अजून सासऱ्यांसमोर म्हणता आलेलं नाही.

सासऱ्यांनी एका रात्रीत ॲप दुरुस्त केलं. तीन सेकंद आकडा आला नाही तर आता सासूबाईंचा आवाज म्हणतो, "कळत नाही." ते मला दहा वेळा करून दाखवलं. आता डबा खोटं बोलणार नाही, असं ते म्हणत राहिले, आणि डबा लावायला होडी राहिली नव्हती. मग त्यांनी तो बाळारामांच्या घरासमोर, जुन्या धक्क्याच्या खांबाला बसवला. बाळारामांनी ओट्यावर बसायचं आणि खाडीत पाणी किती चढलं ते फोनवर ऐकायचं. बुधवारी आणि रविवारी सासरे तिथे जातात. दोघे शेजारी बसून भरती ऐकतात. त्यात काय ऐकायचं असतं ते मला विचारू नका.

गेल्या महिन्यात सासऱ्यांना ताप होता, म्हणून डब्याची बॅटरी बदलायला शुक्रवारी मी एकटाच गेलो. बाळाराम ओट्यावर होते. फोन कोनाड्यात, बंद करून ठेवलेला. मी विचारायच्या आधीच ते हसले. म्हणाले, ओहोटीला खांब कोरडा पडला का बाय कलत नाय, कलत नाय करत बसते. आणि मना तर कलतंय ना पानी, भरती आली का वास येतो, खांबाला आवाज बदलतो. मग त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"साहेबाला नको बोलू. तो येतो तवा मी लावतो. त्याला तेवढंच जीवाला बरं वाटतं."

मी कबूल केलं. परत येताना सासऱ्यांकडे गेलो, जुनी बॅटरी दिली. ते पांघरुणात बसून टॅबवर काहीतरी बघत होते. डबा आपल्याला कुठला फोन कधी जोडला गेला याची नोंद ठेवतो, ती त्यांनी मागच्या खेपेला उतरवून आणली होती. माझ्यासमोर त्यांनी ती यादी वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवली. बुधवार, रविवार, बुधवार, रविवार. मधले दिवस कोरे होते. वर चष्मा सरकवून त्यांनी यादी पुन्हा एकदा पाहिली, आणि मला त्या माणसाची फार माया वाटली.

"तिथे रेंज कमी पडत असावी मधूनमधून," ते म्हणाले.

"हो बाबा, पडत असेल."

त्यांनी टॅब उशीखाली ठेवला आणि उद्या बरं वाटलं तर जरा मोठा अँटेना बघायला माझ्याबरोबर येता का, असं विचारलं. मी म्हणालो, येतो.