सप्तपदीच्या सात चौकटी

भाचीचं रुखवत ऑनलाइन विक्रीला ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात असलं काम करणारा मी एकटाच होतो. सांगलीत एका दैनिकात मी उपसंपादक होतो, पानं लावायचो. पुढे आवृत्तीची पानं दुसऱ्या शहरात लागू लागली आणि आमचा विभाग बंद झाला. त्यानंतर हळद, बेदाणे, काकवी विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना मी वेबसाइटवर मालाची पानं लावून देऊ लागलो. काम ओळखीचं वाटलं. रकान्यांऐवजी चौकटी, बातमीऐवजी फोटो, मथळ्याच्या जागी मालाचं नाव आणि खाली किंमत.

धाकटी बहीण कराडजवळच्या एका गावात राहते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तारीख निघाली होती, हॉल सांगून झाला होता. तापाचं निमित्त झालं आणि भाची गेली. नवरामुलगा सैन्यात होता. लग्नासाठी मंजूर झालेल्या सुट्टीत तो आला, अंगणातल्या खुर्चीवर बसला आणि चहा न घेता गेला. पुढच्या वर्षी त्याचं दुसरीकडे लग्न झालं. बहीण त्याबद्दल कधी वाईट बोलली नाही.

रुखवत सगळं तयार होतं. खणात मढवलेले नारळ, टॉवेलची कमळं, आइस्क्रीमच्या काड्यांची विहीर, मण्यांची तोरणं. लग्नात हे हॉलच्या एका बाजूला टेबलांवर मांडतात आणि वरपक्षाच्या बायका वाकून वाकून बघतात. सप्तपदी भाचीनं एकटीनं केली होती. पुठ्ठ्याच्या सात गोल चकत्या, त्यांवर हिरवा खण, कडेला मोती, मध्ये मोत्यांचीच दोन पावलं आणि पावलांखाली त्या त्या पावलाचं वचन सोनेरी दोऱ्यानं भरलेलं. आईलाही तिनं हात लावू दिला नव्हता. बाकीचं सगळं आईनं केलं तरी चालेल, पण ही पावलं मी टाकणार, तर मीच भरणार, असं तिचं म्हणणं होतं.

हे सामान घरात ठेवू नये असं लोक सांगत होते आणि न्यायलाही कोणी तयार नव्हतं. बहिणीच्या जावेच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा बहिणीनं तोरणं तरी घेऊन जा म्हणून विचारलं. जाऊ म्हणाली, तुझा जीव मोठा आहे, पण माझी पोर एकुलती आहे. बहिणीचीही एकुलतीच होती. जावेच्या ते बोलल्यावर लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर ती बरेच दिवस आली नाही.

मग बहिणीनं मला फोन केला. तिला पैसे नको होते. सप्तपदी एकदा तरी कुणाच्या मांडवात मांडली जावी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गावात ते होणार नव्हतं.

फोटो मी तिच्याच घरी काढले. दारासमोरच्या कट्ट्यावर पांढरी चादर टाकली आणि उन्हं तिरपी व्हायच्या आत सगळं उरकलं. चौकटींच्या ग्रिडमध्ये फोटो चौकोनी आणि एका मापाचे लागतात, नाहीतर ओळी वरखाली होतात. ती एकेक चकती आणून ठेवायची, पदरानं पुसायची, पुन्हा उचलून न्यायची. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. त्याच क्रमानं मी फोटो साइटवर चढवले. संगणकावर एका ओळीत तीन चौकटी, मोबाइलवर दोन. पान सुरू केलं आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आरं दादा, उलटी चालवलीस की तिला."

साइट सर्वांत नवा माल सर्वांत वर दाखवते. वर्तमानपत्रातही ताजी बातमीच वर जाते, म्हणून मला ते खटकलं नव्हतं. सातवं पाऊल पहिल्या चौकटीत आलं होतं, पहिलं तळाला. चालत जाऊन परत मागे आल्यासारखं.

"पेपरवाली माणसं तुमी," ती म्हणाली, "एवढं बी वाचून बघितलं न्हाई व्हय?" ती हसण्याचा प्रयत्न करत होती. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. तिला ते आठवलं की मला, सांगता येत नाही. पुढचं वाक्य तिनं हळू म्हटलं. "मामा हायस तू तिचा. नीट चालव."

क्रम आपोआप लावण्याची सोय मी बंद केली आणि सातही चौकटी हातानं ओढून जागेवर आणल्या. सात असल्यामुळे संगणकावर तीनच्या दोन ओळी भरल्या आणि तिसरीत एकच चौकट राहिली, शेजारी दोन जागा मोकळ्या. मोकळी जागा सोडायची मला सवय नाही. तिथं नारळ आणि कमळ टाकू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, सातव्याच्या पुढं काही नसतं, राहू दे तसंच.

मजकुरावरून आमचं वाजलं. मी माप, कापड, मोत्यांचा रंग आणि 'सातही नग एकत्रच मिळतील' एवढं लिहिलं होतं. तिला हे कुणाचं आहे तेही लिहायचं होतं. मी म्हणालो, लिहिलंस तर कोणी घेणार नाही. ती म्हणाली, न सांगता दुसऱ्याच्या पोरीच्या मांडवात पाठवायचं काळीज तिच्याकडे नाही. शेवटी असं ठरलं की पानावर लिहायचं नाही, पण थेट खरेदीचं बटणही ठेवायचं नाही. त्या जागी तिचा फोन नंबर द्यायचा आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला तिनं स्वतः सांगायचं.

तोरणं, नारळ, कमळं तिनं सांगूनही गेली. पुण्याच्या एका बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळी तोरणं मागवली. तिला ती दुकानाच्या दाराला लावायची होती. सप्तपदीला मात्र लग्नघरातूनच फोन यायचे. बायका आधी भरभरून बोलायच्या, रंग विचारायच्या, पोचायला किती दिवस लागतील विचारायच्या. मग बहीण सांगायची. बहुतेकींचा फोन तिथंच कट व्हायचा.

पाटणकडच्या एका बाईचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. बहिणीनं स्पीकर लावला होता, हात पिठाचे होते. त्या बाईच्या मुलीलाही भरतकाम आवडत होतं, पण नोकरीमुळे वेळ मिळाला नव्हता. बहिणीनं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. फोन कट झाला नाही.

"आवं ताई, माझं काय न्हाई," ती बाई म्हणाली. "पण घरात सासूबाई हायत. इचारते आन सांगते."

बहिणीनं कणीक तशीच झाकून ठेवली. सप्तपदीचा खोका आणून तिनं चकत्यांमध्ये कागद घातले, पत्ता लिहायला माझ्याकडून पेन घेतलं आणि हातात धरून बसली. मी तिला थांब म्हणालो नाही.

त्या बाईनं खरंच परत फोन केला. असं दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

"न्हाई म्हनत्यात, ताई. तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

"न्हाई, न्हाई. लगीन चांगलं होऊ द्या," बहीण म्हणाली. मुलगी कशात नोकरी करते, तेही विचारलं. फोन ठेवल्यावर तिनं पेन मला परत दिलं.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, त्या तोरणांवर 'संपले' असं आलंय, ते कसं आलं? मी सांगितलं की माल उरला नाही की संख्या शून्य करतात, मग फोटोवर ती पट्टी आपोआप येते.

"मग हिच्यावर बी लाव."

विकली कुठं गेली, असं मी म्हणालो. चुकीचं छापू नये हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

"बघणाऱ्यानं म्हणू दे की गेली," ती म्हणाली. "गेली कुणाच्या तरी मांडवात."

पहिल्या पावलापासून मी संख्या शून्य करत गेलो. ती शेजारी बसून बघत होती. प्रत्येक चौकटीवर राखाडी पट्टी येईपर्यंत ती थांबायची, मग मान हलवायची, मग मी पुढची उघडायचो. सातही झाल्यावर ती उठली आणि खोका माळ्यावर ठेवून आली.

पान अजून आहे. तिचा नंबर मी काढायला निघालो होतो, तिनं काढू दिला नाही. लग्नसराईत फोन येतात. ही सप्तपदी परत कधी मिळेल, असं बायका विचारतात. बहीण सांगते, "एकच हुती, बाई."