पंपाचं सील

भूकंपाच्या दिवशी उजाडल्यावर आमच्या गावात चालू जीप एकच होती. पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन चढवलेलं. माझ्या बायकोच्या कमरेवर माळवदाचं लाकूड पडलं होतं. ती शुद्धीवर होती. "पदर नीट करा, माणसं बघायलीत," म्हणाली. मी जीपवाल्याला हात जोडले, लातूरच्या दवाखान्यात ने म्हटलं. तो लोखंडी कपाट जीपमध्ये चढवत होता. "जागा न्हाई, मामा." मग बैलगाडी जुंपली. बायको वाटेतच गेली.

मी गाव सोडलं. लातुरात आधी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलच्या दुकानात कामाला लागलो, मग स्वतःचं टाकलं. पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं, आणि गावोगावची पोरं-पोरी आणणाऱ्या जीपाही वाढल्या. एका सकाळी तोच जीपवाला दारात. जीपही तीच. जास्त माणसं ओढावीत म्हणून कुणाकडून तरी मोठ्या भोकाची नोझलं बसवून आणलेली. गाडी काळा धूर ओकत होती, इंजिन ठोकत होतं.

"मामा, डिझेल लई पिते आन् चढाला मरते. तुमच्याबिगर कोण नीट करणार?"

मी कोण ते त्याला आठवत होतं. स्वतः काय केलं तेवढं विसरला होता.

नोझल मोठं घातलं की पंप त्याच्या मापानं बांधावा लागतो. आधी नोझलांचं प्रेशर मशीनवर सारखं केलं. टायमिंग मागंपुढं करून ठोका घालवला. राहिला डिझेलचा स्क्रू. तो जास्त सोडला की गाडी पळते, पण काही दिवसांत पिस्टन वितळतो. मी मुद्दाम जास्त सोडला.

तो चक्कर मारून आला. "विमान केलं मामा! उद्यापासून सोळा पोरी बसवतो."

पोरी म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. भर रस्त्यात इंजिन जाम झालं तर याच्याबरोबर त्याही मरणार. "उतर, जरा काम राहिलं," म्हटलं. स्क्रू मागं घेतला आणि घेतच गेलो. आठाच्या वर माणसं बसली की चढ चढू नये, इतका. वर तार ओवून शिशाचं सील दाबलं. दुसऱ्याचं सील आमच्या धंद्यात कुणी तोडत नाही. जो तोडेल, इंजिन त्याच्या गळ्यात.

आठवडाभरात सगळी दुकानं हिंडून तो परत आला.

"मामा, माझ्यासंग असं का केलं?"

"त्या दिवशी जीपमधी काय चढवलं होतंस?"

"तवा समदेच घाबरले होते."

"कपाटाला दोरी गुंडाळून चांगल्या निरगाठी मारल्या होत्यास. मी बघत होतो. घाबरल्या माणसाचे हात असे चालत न्हाईत."

"मग आता काय करू?"

"जीपस्टँडवर चल. समद्या ड्रायव्हरांपुढं सांग, बाईला ठेवून कपाट नेलं म्हणून. तिथंच सील तोडतो."

"पाया पडतो, मामा."

"पाया नको. तोंड उघड."

नाही उघडलं. जीप विकली, पण नाही उघडलं. लोक मला म्हणतात, म्हातारपणी मन मोठं करावं. त्यांनी करावं.

जीप देवणीच्या एकानं घेतली. तो दुकानी आला, तेव्हा मी सील तोडलं आणि पंप जसा बांधायला पाहिजे तसा बांधून दिला.

"आमच्या गावावरून जा," त्याला म्हटलं. "जुन्या मालकाच्या दारात थांब आन् हॉर्न वाजव."

"किती येळ?"

"त्यो भाईर येईपर्यंत."