अक्कांनी आम्हाला जा म्हटले नव्हते

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्या आम्हाला कोणीही सोडायला लावल्या नव्हत्या. घरमालकांनी नाही, आणि ज्यांना आम्ही अक्का म्हणत असू त्या त्यांच्या पत्नीने तर नाहीच नाही. मालकांनी घर रिकामे करायला सांगितले, हे खोटे मी रचले, माझ्या पत्नीला शांतपणे सांगितले आणि पुढे अर्धे आयुष्य तिला ते खरे मानू दिले. ओळखीचे लोक आजही माझ्याविषयी म्हणतात, की या गृहस्थांनी कधी आवाज चढवल्याचे कोणी ऐकले नाही. पूर्वी हे ऐकून मला बरे वाटे. आता संताप येतो. आवाज न चढवता माणूस केवढा अन्याय करू शकतो, याची या भल्या लोकांना कल्पना नसावी.

ती सत्तरच्या दशकातली, दुष्काळ नुकताच सरल्यानंतरची वर्षे. पुढे मालकांचे यंत्रमाग, मागे आमच्या खोल्या आणि मधे दोघांचे मिळून एक अंगण. मालक तेलुगू विणकर कुटुंबातले. दिवसभर मागांची खडखड चाले. पाहुणे कानावर हात ठेवत, पण आमच्या मुलांना त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. वीज गेली आणि माग थांबले, की धाकटा दचकून उठे आणि रडू लागे. मग अक्का येत, त्याला उचलून नेत आणि घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर निजवत. तो घरी येई तेव्हा त्याच्या जावळात सुताचा बारीक कापूस अडकलेला असे.

अक्कांना मूल नव्हते. ही गोष्ट त्या अंगणात कोणी बोलत नसे, पण प्रत्येकाला ठाऊक होती. आमची थोरली तेव्हा नुकतीच शाळेत जाण्याच्या वयाला आली होती. आपल्या आईला ती आई म्हणे आणि अक्कांना अम्मा. भात अम्माकडे, भाकरी आईकडे, असा तिचा हिशेब होता. भांडण झाले, की ती तेलुगूत भांडे, कारण तिच्या मते मराठीत नीट भांडता येत नाही. मोडनिंबहून आलेली माझी पत्नीही नळावर उभी राहून दोन वर्षांत ती भाषा शिकली होती. मला मात्र ती येत नव्हती, आणि येत नाही याचा मला अभिमान होता. माझ्या सर्व पापांचे मूळ त्या अभिमानात आहे.

एका रविवारी कचेरीतले माझे वरिष्ठ चहाला आले. मी मुलांना स्वच्छ कपडे घालून ठेवले होते. चहा समोर आला आणि थोरली अंगणातून धावत आली, परकर चिखलाने माखलेला, आणि माझ्यापुढे हात करून म्हणाली, "नीळ्ळू कावाली." पाणी हवे होते तिला. मी डोळे वटारले, तेव्हा तिला वाटले मला ऐकू गेले नाही. तिने ते आणखी मोठ्याने सांगितले. तिच्यामागून धाकटा आला, अंगावर एकही वस्त्र नाही आणि डोक्यावर सुताचा गुंता.

साहेब खो खो हसले. "अहो, ही तुमचीच ना? का मालकांची बदलून आणलीत? शाळेत घालाल तेव्हा हिला मराठीचा मास्तर लावा आधी!"

चेष्टाच होती ती. बशी खाली ठेवेपर्यंत ते ती विसरलेही असतील. मी विसरलो नाही. ज्या बाईने माझी मुले कडेवर घेऊन वाढवली, तिची भाषा मुलीच्या तोंडी आल्याची मला लाज वाटली. केवढा कोता मी! त्या आठवड्यातच मी कचेरीजवळच्या वसाहतीत दोन खोल्या ठरवून आलो. तिथे सगळे आमच्यासारखे कारकून, सगळ्यांची मराठी पुस्तकी.

आता हे पत्नीला सांगायचे कसे? तिला पाचवा महिना होता. अंगण सोडायचे म्हटले असते तर तिने कारण विचारले असते, आणि खरे कारण ऐकून मला जे सुनावले असते ते मी जाणून होतो. वाद मला सहन होत नाही. माझ्या या स्वभावाला लोक सौम्यपणा म्हणतात. तो भित्रेपणा आहे.

मी जेवता जेवता म्हणालो, "मालकांना खोल्या हव्यात. आणखी माग टाकायचेत म्हणे."

तिचा हात परातीतच थांबला. "कोण म्हणलं? अक्का?"

"मालक. वाटेत भेटले. अक्कांना तुझ्यापुढं बोलायचं जिवावर आलंय. तू विषय काढू नकोस, उगाच अवघडतील त्या."

"मी ही अशी. अक्काला दिसत न्हाई व्हय?" तिने आपल्या पोटाकडे पाहिले. "आज सकाळीच माझ्या हातात चिंचंचा गोळा ठेवला, खा म्हणली. वर चिंच, आन मनात हे?"

"हळू बोल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो आणि सांगितले, की कचेरीजवळ घर मिळाले आहे, मंडळींनाही इकडच्या आवाजाचा त्रास होतो आहे. ते बिचारे ओशाळले. "आदी सांगायचं की. माग तिकडं सरकवून घेतले असते," म्हणाले. अशा रीतीने एकाच अंगणात दोन बायका राहिल्या. एकीला वाटत होते, हिने मला हाकलले. दुसरीला वाटत होते, हिला मी नकोशी झाले. आणि दोघी विचारणार नव्हत्या, कारण दोघी शालीन होत्या. मी त्या शालीनतेचा फायदा घेतला.

आवराआवर सुरू झाली. तान्ह्या-लहान मुलांच्या घरात सामान बांधणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे. थोरली एकेक वस्तू ट्रंकेत ठेवी आणि धाकटा दुसऱ्या बाजूने काढून अंगणात नेई. वळकटी बांधली, की तो तिच्यात शिरून बसे. एकदा तर तो सापडेना म्हणून आम्ही आडात शोधायला निघालो होतो. बंबात पोळपाट, पोळपाटावर डाळीचे डबे, अशी माझी व्यवस्था आणि तिच्यावर पत्नीचे शेरे: "उद्या आंघुळीला पानी तापवताना पोळ्याबी लाटू." पण त्या विनोदात आता गोडवा नव्हता. ती रागावलेली होती आणि तिचा राग भांड्यांवर निघत होता. वरवंटा पाट्यावर आपटल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही ऐकू जाई.

अक्कांची भांडी आमच्याकडे असत आणि आमची त्यांच्याकडे. आमच्या बाजूला कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. पत्नीने अक्कांचे सगळे वाडगे राखेने लखलखीत घासले आणि रिकामे नेऊन दिले. अक्का दारात वाडग्यांची चळत हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वरच्या वाडग्यात पाहिले. मग तो उचलून खालच्यातही पाहिले.

पत्नी खोलीत आली आणि म्हणाली, "ज्यांना पोरंबाळं न्हाईत, त्यांना काय कळणार दोन जिवांच्या बाईचं!"

ती अशी बोलणारी बाई नव्हती. ते वाक्य माझे होते. माझ्या खोट्याने ते तिच्या तोंडून वदवले होते. आणि मी काय केले? मी पुन्हा तेच म्हणालो, "हळू बोल."

थोरलीने वेगळाच पवित्रा घेतला. ती मागाजवळ जाऊन बसली आणि तिने जाहीर केले, "तुमी जावा. मी अम्माकडं ऱ्हाते. बाळ झालं की बघायला येईन." अक्का हसल्या, पण डोळे पुसतच. त्यांनी तिला समजावून हात धरून आणून पोचवले. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांनी पाय टाकला नाही.

निघायच्या सकाळी बैलगाडी दाराशी लागली. सामान चढले. तेव्हा अक्का बाहेर आल्या. ठेवणीतले लुगडे नेसलेल्या, केसांत गजरा, हातात थाळी. थाळीत तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदकुंकू. त्यांनी अंगणात पाट मांडला.

"बसा की बाई," त्या म्हणाल्या. "भरल्या पोटानं रिकाम्या पदरानं जाऊ नये. वटी भरते."

सवाशिणीने सवाशिणीची ओटी नाकारणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. आणि जिची कूस उजवली नाही अशा बाईची ओटी गरोदर बाईने नाकारणे म्हणजे काय, तेही आपल्या समाजात लहान मूलसुद्धा जाणते. या रीतीने किती बायकांची काळजे जाळली असतील! ही रीत कोणी काढली? बाईच्या हाताची पारख तिच्या कुशीवरून करण्याचा हक्क कोणी कोणाला दिला? पण हे प्रश्न मला आज पडतात. त्या दिवशी मला एवढेच कळत होते, की पत्नीच्या मनात ती रीत मुळीच नाही. तिच्या मनात आहे तो बेघर केल्याचा राग. आणि अक्का तिच्या तोंडाकडे पाहून दुसरेच काही वाचणार आहेत.

पत्नीने पदर कमरेला घट्ट खोचला. "नको," म्हणाली. "चला हो, ऊन होतंय." आणि पाटाला वळसा घालून गाडीत चढली.

अक्का चिमटीत कुंकू धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी ते परत करंड्यात टाकले आणि थाळी पदराखाली घेतली, चोरीची वस्तू झाकावी तशी. एक वाक्य पुरले असते. मी गाडीच्या मागे उभा राहून दोरीची गाठ तपासत होतो. गाठ पक्की होती. तरी मी ती तपासत राहिलो.

नव्या वसाहतीत माझ्या मनासारखे सगळे झाले. वर्षभरात थोरली तेलुगू विसरली. शाळेत तिच्या शुद्ध वाचनाचे कौतुक झाले, ते मी चार लोकांना सांगितले. धाकटी मुलगी सुखरूप जन्मली. बारशाला अक्कांना बोलावणे गेले नाही.

काही महिन्यांनी मालक मला भाजीबाजारात भेटले. बाळाची चौकशी केली, मुलीसाठी पेरू घेऊन दिले. मग इकडे तिकडे पाहत म्हणाले, "आमची मंडळी आता कुनाची वटी भरायला जात न्हाई. शेजारणी बोलवतात, तर म्हनती, माजा हात बरा न्हाई. त्या बाईनं बरोबर वळखलं, म्हनती."

भर बाजारात मी काय म्हणालो? "छे छे, असं मनावर घेऊ नका." एवढे बोलून मी पिशवी उचलली आणि चालू लागलो. पहिले खोटे एखादे वेळी अविचाराचे म्हणता येईल. हे मौन पूर्ण विचाराने पाळलेले होते. सांगितले असते तर घरी अब्रू गेली असती. माझी अब्रू राहावी म्हणून एक बाई स्वतःच्या हाताला अशुभ मानत राहिली. आणि मी दर सणाला पत्नीच्या तोंडून ऐकत राहिलो, "अक्का असं करतील असं वाटलं नव्हतं मला."

गेल्या वर्षी मालक वारल्याचे कळले. पत्नी म्हणाली, "माणूस गेल्यावर राग ठेवू नये. जाऊन येऊ."

आम्ही गेलो. माग बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळे. मला तेव्हा उमगले, की आता त्यांना कोणी ओटी भरायला बोलावणारच नाही. विधवेला ही रीत दारातही उभे करत नाही. माझ्याजवळ जे परत देण्यासारखे होते, ते देण्याची वेळ मी घालवली होती.

पत्नी जवळ जाऊन बसली. अक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तवा पोटात हुती ती पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय, अक्का. तिचं लगीनबी झालं."

"मग झालं. तुमचं बरोबर हुतं बाई तवा. माज्या मनात काय न्हाई."

"माझ्याबी मनात न्हाई आता," पत्नी म्हणाली. "झालं गेलं. तुमची काय अडचण असंल."

दोघी रडू लागल्या. त्या एकमेकींना न केलेल्या अपराधांची क्षमा करीत होत्या, आणि ज्याने अपराध केला तो समोर सतरंजीवर चांगला माणूस म्हणून बसला होता. मी गप्प राहिलो असतो तर तेवढ्यावर सगळे मिटले असते. कोणी काही विचारणार नव्हते. पण ती क्षमा माझ्या डोळ्यांदेखत खोट्यावर उभी राहत होती, आणि अक्का आपला हात अजूनही वाईटच समजत होत्या. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"अक्का, तुम्ही आम्हाला जा म्हटलं नव्हतं. तुम्ही खोल्या सोडायला लावल्या, असं हिला मी सांगितलं. ते खोटं होतं. मुलं तुमची भाषा बोलतात, याची मला लाज वाटत होती, म्हणून मी घर बदललं. हिनं ओटी घेतली नाही ती त्या रागानं. तुमच्या हाताबद्दल हिच्या मनात कधीच काही नव्हतं. मला हे तेव्हाच माहीत होतं आणि मी बोललो नाही. बाजारात मालकांनी मला सांगितलं, तेव्हाही बोललो नाही. तुमचा हात चांगला होता, अक्का. माझी मुलं त्याच हातांनी वाढली. मी तुमचा अपराधी आहे, आणि हिचाही. मला क्षमा करा."