गायकवाड मॅडमचा सहा डिसेंबर

गायकवाड मॅडम दर सहा डिसेंबरला पांढरी साडी नेसून बरोबर दहाला ऑफिसात हजर असायच्या. पहाटेच दादरला चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहायचं, वंदन करायचं आणि तिथून थेट घाटकोपरला. डोळे जागरणाने लाल, पायांवर धूळ. पर्स खणात टाकली की कामाला सुरुवात. आम्ही विम्याचे दावे तपासणारी अठरा माणसं आणि त्या आमच्या सुपरवायझर. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आजच्या दिवशी तरी रजा टाकायची." तर म्हणाल्या, "परब, मी घरी बसले तर तुम्हा लोकांचे दिवस कोण सांभाळणार?"

आमचे दिवस त्या खरंच सांभाळायच्या. टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर रंगीत पेन्सिलीचे ठिपके. गणपतीला लाल, रमजानला हिरवा, पर्युषणाला पिवळा, गुड फ्रायडेला जांभळा. कोणाचं काम कोणी उचलायचं ते जानेवारीतच ठरलेलं. मी गणपतीत मालवणला गेलो की माझे दावे नसरीन बघायची. तिच्या रोज्यांत संध्याकाळचे फोन मी घ्यायचो. कोणी रजेसाठी आजारपण रचायला लागलं की मॅडम हात वर करायच्या. "नुसता दिवस सांग रे. थापा मारतोस तू आणि लक्षात ठेवायच्या मी." त्या कॅलेंडरावर सहा डिसेंबरचा निळा ठिपका कधीच नव्हता. माझ्या ते लक्षातही आलं नाही, हे आता सांगताना लाज वाटते.

नसरीन देवनारला राहायची. लॉकडाऊनपासून रमजानचा महिना ती घरून काम करायची. पहाटेची सहेरी उरकून सातला लॅपटॉप उघडायचा, चारला मिटायचा. मग इफ्तारीचा स्वयंपाक आणि अंथरुणाला खिळलेल्या अम्मीचं सगळं. अकरा महिने शेजारीण अम्मीकडे बघायची, पण रोज्यांत तिलाही तिचं घर होतं. काम म्हणाल तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दावे तीच निकालात काढायची, हे मी नाइलाजाने कबूल करतो.

गेल्या वर्षी नवे साहेब आले आणि घरून काम बंद झालं. कोणाला सवलत हवी असेल त्याने फॉर्म भरायचा, कारण लिहायचं. फेब्रुवारीत नसरीनने भरला. साहेबांनी तिला, मॅडमना आणि तिचे फोन घेणारा म्हणून मला केबिनमध्ये बोलावलं.

"एकीला दिलं की उद्या जो तो आपला धर्म घेऊन दारात उभा राहील," साहेब म्हणाले.

इथे मी तोंड उघडलं. वाटलं, मॅडमचं कौतुक केलं की त्यांच्या शब्दाला वजन येईल. म्हटलं, "सर, मॅडम म्हणतील तसं होऊ द्या. वीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. सहा डिसेंबरलासुद्धा कामावर असतात."

साहेबांनी नेमकं तेच उचललं. "ऐकलंस, नसरीन? मॅडमना धर्म नाही का? त्यांची कधी तक्रार आली का?" आणि फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

बाहेर येऊन नसरीन पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली. "परबभाई, राजीनामा टाकते मी. अम्मीला कोणाच्या भरवशावर ठेवू, सांगा ना." मॅडमनी हातातला ग्लास मशीनवर ठेवला.

"पहिल्या नोकरीत मी सहा डिसेंबरची रजा मागितली होती," त्या म्हणाल्या. "हेडक्लार्क सगळ्यांदेखत हसला. म्हणाला, अच्छा, म्हणजे तुम्ही त्यातल्या. तेव्हापासून मागणंच सोडलं. वाटायचं, माझं मी सोडतेय, कोणाचं काय जातंय? आज माझं गप्प बसणं या लेकराच्या आड आलं."

मग त्यांनी ट्रेमधून एक कोरा फॉर्म उचलला, उभ्या उभ्याच भरला आणि नसरीनला घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"सर, माझी सहा डिसेंबरची रजा."

"अहो, आता फेब्रुवारी चालू आहे."

"वीस वर्षं उशीर झालाय, सर. दहा महिने लवकर आलं तर चालेल." त्यांनी नसरीनचा फॉर्म आपल्या फॉर्मशेजारी ठेवला. "आणि हिला नाही म्हणायला माझं नाव नका वापरू. मी मागितलं नाही कारण मी घाबरत होते. ही घाबरली नाही. काम होतं की नाही एवढं बघा आणि ठरवा."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही फॉर्म दोनदा वाचले. "काम मागे पडलं तर बंद करीन," म्हणाले आणि सह्या केल्या. काम मागे पडलं नाही.

गणपती आले. कोकणातला माणूस गणपतीची रजा मागत नाही, सांगतो. त्याप्रमाणे मी मॅडमच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "शुक्रवारी निघतो." त्यांनी फॉर्म पुढे केला.

"गणपतीला फॉर्म?"

"नसरीनने भरला, मी भरला. तू काय आभाळातून पडलास?"

मी जागेवर जाऊन बसलो. लिहायचा एकच शब्द होता, पण पेन अडलं. इतक्या वर्षांत मला कारण असं कोणी विचारलंच नव्हतं.

डिसेंबरात भिंतीवरच्या कॅलेंडरावर पहिल्यांदा निळा ठिपका आला. सहा तारखेला मॅडमची खुर्ची रिकामी होती. त्यांचं काम मी आणि नसरीनने वाटून घेतलं. महिनाअखेरीस त्या निवृत्त व्हायच्या होत्या, म्हणजे साऱ्या नोकरीत त्यांना हा एकच सहा डिसेंबर मिळाला. त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बरोबर दहाला आल्या, पर्स खणात टाकली. मी विचारलं, "रांग मोठी होती का, मॅडम?"

"दरवर्षीएवढीच," त्या म्हणाल्या. "पण काल रांगेत मी घड्याळ बघितलं नाही."