कव्हर नसलेली पुस्तकं

शुक्रवारी आमच्या खोलीवर जेवणं आटोपली, की नवा आलेला कुणीतरी म्हणतो, "दत्ताभाऊ, तो पुस्तकांचा किस्सा सांगा की." मग मला विचारावं लागतं, कुठला? पहिला घडला तेव्हा तो किस्सा आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दुसरा घडला तेव्हा पहिला आठवला. आता इतके झालेत, की सांगायला बसलं तर चहा दोनदा ठेवावा लागतो.

आधी माणसं सांगतो. जेद्दाच्या दक्षिणेला, इंडस्ट्रियल एरियात आमचा लाकूडकामाचा कारखाना आहे. मी इस्लामपूरचा, ड्राफ्ट्समन. नऊ वर्षं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतोय. उस्मानचाचा दाभोळचे, आमच्यातले सगळ्यात जुने मिस्त्री. वर्गीस फोरमन, केरळचा. आणि रीम मॅडम, तरुण सौदी इंजिनियर, दोन वर्षांपूर्वी आल्या; माझ्याशी इंग्रजीत बोलतात, चाचांशी अरबीत. एवढे चौघंच.

*

लाकूड कोरायचं नवं मशीन यायचं होतं, म्हणून स्टोअर रिकामं करत होतो. मागच्या भिंतीला तीन खोकी निघाली. आत जुनी पुस्तकं. खुर्च्या-टेबलांची, दारं-खिडक्यांची, नक्षीची, अक्षरांची. बरीचशी इंग्रजी, काही फ्रेंच, थोडी अरबी. निम्म्यांची कव्हरं गेलेली. कुणा जुन्या मॅनेजरनं मागे ठेवली म्हणे. तो कोण, हे चाचांनाही माहीत नव्हतं.

वर्गीसनं खोकी कचऱ्याच्या ट्रॉलीजवळ ओढली. चाचा आले, एकात डोकावले आणि त्याच खोक्यावर बसले.

"चाचा, उठिए. मशीन आ रही है."

"आने दे. मैं कहाँ उसकी जगह पे बैठा हूँ."

अर्धा तास झाला तरी उठेनात. शेवटी मी जवळ गेलो. "चाचा, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"नाय."

"फ्रेंच?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "अरे दत्ता, लाकडाला तरी कुठं येतं?"

पुस्तकं हत्यारांच्या जुन्या कपाटात गेली. कपाट रिकामंच होतं. मशीन येणार म्हटल्यावर हातानं कोरायची हत्यारं फारशी लागणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

*

मशीन आलं आणि चाचांकडं कडा घासायचं काम उरलं. पंचवीस वर्षं ज्यांनी दारं कोरली, ते आता मशीननं कोरलेल्या दारांना पॉलिश पेपर मारत होते. तक्रार नाही केली. फक्त जेवणाच्या सुट्टीत कपाटाशी बसून एकेक पुस्तक उलगडायला लागले.

एकदा मला हाक मारली. सांध्यांचं पुस्तक होतं. एका पानावर तीन तुकडे एकमेकांत अडकवायचा कोपरा दाखवलेला, इतका रेखीव की फ्रेम करून लावावा.

"हे बनत नाय," चाचा म्हणाले.

"छापलंय की."

"छापलंय रे. पण दोन तुकडे बसल्यावर तिसऱ्यानं आत जायचं कुठून? वाट कुठाय?"

मी पानाचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर तिन्ही तुकडे तयार केले. दुपारभर फिरवून पाहिले. तिसरा तुकडा जाईना. चाचांचं बरोबर होतं.

रीम मॅडम मागून बघत होत्या. तेव्हा त्या नव्या होत्या, आमच्याशी जपून बोलायच्या. त्यांनी पुस्तक उचललं, उजेडाला धरलं. त्या चित्राच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी बारीक खरडलेलं होतं. मला ती नुसती रेघ वाटली होती.

"अरबी आहे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी फार पूर्वी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"खोटं."

चाचांनी पुस्तक परत घेतलं आणि त्या एका शब्दावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "कोण होता कुणास ठाऊक. पण मिस्त्री होता."

*

त्यानंतर मॅडमनी पुस्तकांची नीट यादी करायचं ठरवलं. प्रत्येकाला नंबर, विषयवार कप्पे. चाचांना विचारलं, विषय किती करू?

चाचांनी विचार करून सांगितलं, "तीन. बसायच्या वस्तू, उघडायच्या वस्तू आणि खोटं बोलणारी."

मॅडमनी तसेच तीन कप्पे केले. तिसऱ्यात अजून चारच पुस्तकं आहेत. आम्ही सगळी कुठं तपासलीत?

*

हा किस्सा माझ्यावरच आहे.

एका कॅफेसाठी लाकडी जाळीचा पडदा करायचा होता. मी नक्षीचं एक पुस्तक काढलं. नुसत्या चांदण्या, आठ टोकांच्या, बारा टोकांच्या, पानंच्या पानं. एक पान स्कॅन केलं, त्यातली एक चांदणी उचलली, रेघा साफ केल्या आणि पडदाभर चिकटवली. मशीननं सुरेख कापली. एक केस इकडचा तिकडं नाही.

उभा केला आणि बघत राहिलो. पडदा मेलेला दिसत होता. का, ते कळेना. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, लाइट बदलून पाहिला.

चाचा पुस्तक घेऊन आले, पान उघडून पडद्याशेजारी धरलं. "तू एक चांदणी चाळीस वेळा लावलीस," म्हणाले. "त्यानं चाळीस चांदण्या काढल्यात."

मग मला दिसलं. पुस्तकातली प्रत्येक चांदणी किंचित वेगळी होती. कुणाचं टोक जरा लांब, कुणाचा कोन जरा मोकळा. हातानं काढलेली ना ती.

पुढचे तीन शुक्रवार मी कागद आणि कंपास घेऊन बसलो. पहिल्या दिवशी साधं वर्तुळ जमेना. सुरुवात केली त्या जागी रेघ परत येऊन मिळतच नव्हती. कॉलेजात याच हातानं शीटच्या शीट काढल्या होत्या, सरांनी त्या भिंतीवर लावल्या होत्या. खरं सांगतो, लाज वाटली. चाचा समोर बसून पेन्सिलींना टोक करून देत होते.

चाळीस चांदण्या काढल्या. मशीननंच कापल्या, पण कडा चाचांनी पटाशीनं उतरवल्या. पडदा लागला त्या दिवशी कॅफेच्या मालकानं त्यावरून हात फिरवला आणि मॅडमना विचारलं, "कुठल्या जुन्या घरातून काढून आणलात?"

मी म्हणणार होतो, नवा आहे. मॅडमनी आमच्या दोघांकडं बोट केलं. "यांच्या."

*

वर्गीसला पुस्तकांचा राग होता, असं आम्ही समजत होतो. आणि एक दिवस खुर्च्यांचं पुस्तक कपाटातून गायब झालं. चाचा अस्वस्थ. मॅडमनी यादी तपासली. चार दिवसांनी पुस्तक वर्गीसच्या टेबलाखाली सापडलं, पानात लाकडाचा छिलका खूण म्हणून घातलेला. पान होतं झुलत्या खुर्चीचं.

त्याची मुलगी बाळंत झाली होती. पहिलं नातवंड. तिच्या बाळंतपणाला जायचं त्याचं ठरलं होतं, पण काम अंगावर होतं, सुट्टी पुढं गेली. व्हिडिओवर नात बघायचा आणि फोन ठेवला की कुणाशी बोलायचा नाही. तर हा माणूस काम सुटल्यावर एकटाच खुर्ची बनवत होता, मुलीला बाळ घेऊन बसायला. पाठीचा बाक काही केल्या जमत नव्हता. ते त्याला चाचांना विचारायचं होतं, पण पुस्तकं फेकायला आपणच निघालो होतो, आता विचारायचं कुठल्या तोंडानं?

चाचांनी पुस्तक मागितलं नाही. अर्धवट झालेली पाठ हाताळून पाहिली, पुठ्ठ्यातून बाकाचा साचा कापला आणि वर्गीसच्या टेबलावर ठेवून आले.

खुर्ची झाली. पुन्हा सुटे तुकडे करून, त्यांवर नंबर घालून कार्गोनं कोट्टयमला गेली. घरच्यांनी जोडली. महिन्यानं फोटो आला. आम्ही सगळे मोबाइलभोवती जमलो. खुर्ची खिडकीपाशी होती आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा हा एवढा ढीग. मुलगी नाही, बाळ नाही. दुपटी, टॉवेल, जावयाची पँट.

वर्गीस फोटो मोठा करकरून बघत होता.

"मजबूत बनी है," तो म्हणाला. "देखो, कितना वजन उठा रही है."

*

आता शेवटचा. हा मी एरवी सगळ्यांना सांगत नाही.

बलदमध्ये, जुन्या जेद्दात, एका घराची दुरुस्ती चालली होती. तिथल्या घरांना भिंतीच्या पुढं आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात. आत बसलेल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीची जाळी कुजली होती. हुबेहूब नवी करायची होती.

मी माप घेत होतो. नक्षी सरळ होती, पण डावीकडं खाली एका ठिकाणी एक पट्टी नव्हतीच. तुटलेली नव्हे. तिथल्या कडा घासून गोल केलेल्या. मॅडमनी आमचं नक्षीचं पुस्तक बरोबर आणलं होतं. तीच नक्षी त्यात सापडली, आणि त्यात ती पट्टी होती.

"करणाऱ्याची चूक असेल," मॅडम म्हणाल्या. "आपण पुस्तकाप्रमाणे पुरी करू."

चाचा बराच वेळ बघत राहिले. मग खोलीत मागं सरकले आणि गुडघे धरत धरत जमिनीवर मांडी घालून बसले. जरा डावीकडं सरकले. आणखी जरा.

"बिंती, इथं बस," त्यांनी मॅडमना बोलावलं. बिंती म्हणजे अरबीत 'माझी मुलगी'.

मॅडम धुळीतच बसल्या. जाळीकडं पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्या उठल्यावर मी बसलो.

त्या फटीतून गल्लीपलीकडच्या घराचं दार दिसत होतं. फक्त दार, चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत. बाकी काही नाही. इंचभर हललं की तेही जात होतं.

"कोण बसत असेल इथं?" मॅडमनी विचारलं.

चाचा पँटवरची धूळ झटकत होते. मॅडमनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

ड्रॉइंग मी जसं होतं तसं काढलं. पण ऑफिसचा नियम असा, की नक्षीत कुठं फरक ठेवला तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. रकाना रिकामा सोडला तर ड्रॉइंग परत येतं. मी चाचांना जाऊन विचारलं, काय लिहू?

ते पटाशीला धार लावत होते. थांबले.

"लिही," म्हणाले, "घरच्यांची मर्जी."

मी तसंच इंग्रजीत लिहिलं. दोन दिवसांनी ड्रॉइंग मंजुरीचा शिक्का घेऊन परत आलं. कुठले घरचे, हे कुणी विचारलं नाही.